तैलरंगात स्थिरचित्र : पितळी तांब्या पितळेचा का दिसत नाही?

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरला स्थिरचित्राच्या पेपरला वर्गाच्या मधोमध सेट मांडलेला असायचा, ज्याच्या वाट्याला जो कोन येईल तो घ्यायचा आणि घंटा व्हायच्या आत पोस्टर कलरमध्ये उरकायचं. त्यानंतर संसार, नोकरी, ब्रश कुठे गेले देव जाणे. आता मुलगी होस्टेलला गेली, तिची खोली रिकामी झाली, म्हणून तैलरंगाचा बारा ट्यूबांचा सेट आणि कॅनव्हास बोर्ड आणलेत.

सेट असा मांडलाय : आजेसासूबाईंचा पितळी तांब्या, दोन लिंबं, एक लसणाचा गड्डा, खाली जुन्या धोतराचं पांढरं कापड. डावीकडे खिडकी. लिंबं बरी येतात, लसूण तर घरच्यांनी ओळखला पण :) तांब्याचं मात्र काही केल्या जमत नाहीये. घासून लख्ख केलाय, पिवळा, ऑकर (मातकट पिवळा), पांढरा सगळं मिसळून बघितलं, तरी चित्रात तो पिवळ्या प्लास्टिकचा मग वाटतो. सोनेरी रंगाची ट्यूब मिळते म्हणे, ती घेऊ का? आणि तेल किती घालायचं, टर्पेंटाइन कधी घालायचं, कुठलं तेल, हेही कोणीतरी समजावा, यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

टोपणनाव_सापडेना
फोटो टाका आधी. फोटोशिवाय चित्रकलेचा धागा म्हणजे निव्वळ छळ आहे.
(सोनेरी ट्यूब घ्या, तांब्या नाही जमला तर गणपतीच्या मखराला उपयोगी पडेल. गंमत हो, दिवे घ्या.)

फ्लेक_व्हाइट
चिंचगुळ ताई, सोनेरी ट्यूब अजिबात घेऊ नका. त्या रंगात धातूची किंवा अभ्रकाची चमकणारी पूड असते, ती खोलीतल्या उजेडात चमकते, चित्रातल्या उजेडात नाही. तुम्ही चित्राच्या बाजूला सरकलात की ती चमकही सरकते आणि तांब्या कॅनव्हासवर चिकटवल्यासारखा दिसतो.

प्लास्टिकचा का दिसतो ते सांगतो. तुम्ही तांब्याला पितळेचा रंग देताय. पण लख्ख घासलेल्या भांड्याला स्वतःचा रंग फार थोड्या जागेत असतो, बाकी सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं प्रतिबिंब. आता एक करा, ब्रश बाजूला ठेवा आणि एक डोळा मिटून तांब्याकडे नुसतं बघत बसा. पोटावर खिडकी दिसेल, वाकडी झालेली. तिच्या अगदी लगत एक गडद पट्टा दिसेल, जवळजवळ काळा. खाली कापडाचा पांढुरका भाग, तोही पितळेतून आलेला म्हणून मळकट पिवळा. लिंबाच्या बाजूला लिंबाचा डाग, ओढून लांब झालेला. गळ्यात हे सगळं परत एकदा, बारीक आणि दाटीवाटीनं. यातलं प्रत्येक ठिगळ कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि किती गडद आहे एवढंच मांडायचं. 'तांब्या' काढायचाच नाही.

चमक पिवळ्यात नसते, ती शेजारच्या काळ्यात असते. मातीच्या मडक्यावर उजेडाकडून अंधाराकडे हळूहळू जाता येतं, धातूवर एकदम उडी मारावी लागते. आणि नवीन माणसाची हिंमत होत नाही ती नेमकी इथे, गडद लावायची. सगळं मधल्या टोनमध्ये (ना उजळ ना गडद) गुळगुळीत घोटलं की झालं प्लास्टिक.

अजून एक सोपी गोष्ट. मोबाइलवर सेटचा आणि चित्राचा असे दोन फोटो काढा आणि दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट करा. कुठे घसरलंय ते लगेच कळेल. फोटो फक्त टोन तपासायला हं, त्याच्यावरून रंगवायचं नाही.

मिरचीपूड
वाचनखूण साठवली. 'तांब्या काढायचाच नाही' हे भारीये.

चिंचगुळ
फ्लेक_व्हाइट, तुमचं वाचून सकाळी नुसती बघत बसले, चहा गार झाला. खिडकीचं ग्रिल दिसलं, उभे गज मधे फुगलेले आणि वर खाली मिटत गेलेले. शेजारचा गडद पट्टा म्हणजे दरवाजामागचं लाकडी कपाट आहे हेही सापडलं. आणि बरोब्बर मधोमध एक काळपट आकार होता, खाली रुंद, वर चपटं डोकं. बराच वेळ कळेना. मीच की ती!! स्वतःला काढू का गाळू?

फ्लेक_व्हाइट
काढा! भांड्यात स्वतःला काढायची परंपरा जुनी आहे, सतराव्या शतकातल्या काही डच चित्रकारांनी हौसेनं केलंय ते. पण नाक डोळे नकोत, नुसता डाग.

ट्यूलिपताई
मी नेदरलँड्समध्ये असते, त्यामुळे इथे नाक खुपसलंच पाहिजे. आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये विलेम क्लास हेडा या डच चित्रकाराचं १६३५ चं एक स्थिरचित्र आहे, त्यात मागे सोन्याचा मुलामा दिलेला उंच पेला आहे, पुढे आडवं पडलेलं चांदीचं भांडं, कालवं, लिंबू, पांढरं कापड. त्याच्यासमोर उभं राहिलं की पेला सोन्याचाच वाटतो, आणि अगदी जवळ गेलं की (गार्ड बघत नसताना) तिथे नुसते तपकिरी, मातकट पिवळे आणि काळपट हिरवे डाग आहेत. भडक पिवळा औषधालाही नाही. सबंध चित्र राखाडी-हिरव्या सुरात, म्हणून तो थोडासा उबदार रंग सुद्धा सोनं होऊन बसतो. इथल्याच हार्लेम गावात हेडा आणि पीटर क्लास या दोघांनी मिळून ही एकाच सुरातली जेवणाच्या टेबलांची चित्रं अगदी वरच्या पायरीला नेली. काचेच्या पेल्यात खिडकी तर हमखास असते, चारही तावदानांसकट.

तुमच्या सेटमध्ये लिंबं आहेत ना, त्यातलं एक अर्धवट सोलून साल टेबलाच्या कडेवरून खाली सोडून बघा. या लोकांचा आवडता प्रकार. बाहेरचं खरखरीत साल, आतला पांढरा मऊ भाग, रसाळ फोडी, तीन वेगळे पृष्ठभाग एकाच लिंबात, सरावाला मस्त.

बाबूराव_नव्हे
राग मानू नका पण मला एक कळत नाही. हातातल्या फोनमध्ये एका सेकंदात तांब्या येतो, खिडकी ग्रिलसकट. मग तासन्‌तास बसून तेच हातानं कशाला? शाळेत पण मला स्थिरचित्राचा भयंकर कंटाळा यायचा, सुरई, सफरचंद आणि मागे निळा पडदा. चित्रकलेत स्वतःचं काहीतरी म्हणणं हवं की नको?

टोपणनाव_सापडेना
आला, आला. मी म्हणतच होतो अजून कसा कोणी आला नाही.

फ्लेक_व्हाइट
बाबूराव, कंटाळा येणं समजू शकतो, परीक्षेचा सेट हा प्रकारच कंटाळवाणा असतो, कारण तो मांडलेला असतो दुसऱ्याच कोणीतरी. पण म्हणणं विषयात असतं असं कोणी सांगितलं? इटलीतल्या बोलोन्यात मोरांदी नावाचा चित्रकार होऊन गेला (१८९०–१९६४), आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे. काही बाटल्यांना तर तो रंग फासून त्यांची चमकच घालवून टाकायचा, कारण त्याला चमक नको होती, त्याला दोन बाटल्यांमधली फट रंगवायची होती. इथे ताई चमकेसाठी जिवाचं रान करतायत आणि तो ती पुसत बसायचा! दोघांचं म्हणणं वेगळं, सामान एकच.

आणि आपल्याकडचं बघायचं तर के. एच. आरा. लहानपणीच मुंबईत आला, घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या, आणि पुढे १९४७ च्या मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर उभा राहिला. त्याच्या फुलदाण्या आणि स्थिरचित्रं बघा एकदा, रंग नुसता सळसळत असतो. बाकीचे मोठमोठ्या विषयांवर बोलत असताना हा माणूस फुलदाणी घेऊन बसला. म्हणणं नव्हतं असं म्हणाल?

फोनबद्दल : फोन उजेडातला भाग पांढरा जाळतो नाहीतर सावली काळी ठार करतो, दोन्ही एकदम डोळ्यांसारखं त्याला अजून जमत नाही. सावलीतल्या पितळेत जो हिरवट तपकिरी असतो ना, तो फोटोत येतच नाही बहुतेक वेळा.

ट्यूलिपताई
बाबूराव, एक किस्सा घ्या. १८८० मध्ये माने या फ्रेंच चित्रकारानं शतावरीच्या कोंबांची एक जुडी रंगवली, आपल्याकडे ॲस्परॅगस म्हणूनच मिळते ती भाजी. शार्ल एफ्रुसी नावाच्या संग्राहकानं ती घेतली, ठरले होते ८०० फ्रँक, त्यानं १००० पाठवले. मानेनं काय करावं? अजून एक छोटं चित्र रंगवलं, त्यात एकच कोंब, आणि ते पाठवून दिलं, तुमच्या जुडीतला एक राहिला होता असं लिहून. तो एकटा कोंब पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. फोनमधून एवढा नखरा निघतो का?

बाबूराव_नव्हे
बरं बाई, हरलो. मोरांदी बघितला आत्ता गूगलवर. बाटल्याच आहेत खरं, पण... बघत बसावंसं वाटतं खरं.

कोल्हापुरी_मिसळ
तैलरंग आणि प्रकाशाचा विषय निघालाय तर राजा रविवर्म्याच्या त्या बाईचं नाव कसं नाही आलं अजून? हातात दिवा, एका हातानं वाऱ्यापासून जपलेला, बोटांतून लाल उजेड. तैलरंगात असा उजेड कोणीच काढला नाही.

फ्लेक_व्हाइट
मिसळराव, ते चित्र रविवर्म्याचं नाही आणि तैलरंगातलंही नाही. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर, त्यांचं जलरंगातलं काम, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. जलरंगात चूक पुसता येत नाही हे लक्षात घेऊन परत एकदा बघा ते.
रविवर्मा आणि चित्रकार धुरंधर मूळ रंगांत बघायचे असतील तर सातारा जिल्ह्यात औंधला जा, भवानी संग्रहालयात. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभं केलंय. दागिन्यातलं सोनं, जर, समईचं पितळ कसं काढलंय ते नाक लावून बघता येतं. मुंबईकरांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वरच्या मजल्यांवर टाटांनी दिलेली युरोपियन चित्रं आहेत तीही बघावीत, लोक खालच्या मूर्ती बघूनच परत फिरतात.

कोल्हापुरी_मिसळ
काय सांगता! आमच्या घरी कॅलेंडरवर रविवर्मा लिहिलेलं होतं. असो, हळदणकरांना दंडवत.

रसायनी
धागा छान चाललाय पण ताईंचा तेलाचा प्रश्न मागेच राहिला. रंगांच्या कारखान्यात नोकरी केली आहे त्यामुळे हे मी घेतो.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा 'वाळत' नाही. जवसाचं तेल (लिन्सीड) हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याची घट्ट पापडी बनते. टर्पेंटाइन उडून जातं, तेल उडत नाही, तिथेच राहतं. म्हणून नियम : खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, कमी तेलाचे, आणि वर जाल तसं तेल वाढवायचं. उलटं केलंत तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलत बसतो आणि वर्षा-दोन वर्षांत भेगा. ट्यूबमध्ये तेल असतंच, त्यामुळे नवशिक्यानं वरून घालायचं म्हणजे ब्रशच्या टोकाला, वाटीभर नाही.

तेल कुठलं? आर्टच्या दुकानातलं रिफाइंड लिन्सीड. हार्डवेअरवाल्याकडचं बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) दारं-खिडक्यांसाठी ठेवा, त्यात लवकर सुकण्यासाठी ड्रायर घातलेले असतात आणि ते पुढे पिवळं, काळपट पडतं. पांढऱ्या धोतराचं भगवं झालेलं आवडणार असेल तर वापरा. तसंच हार्डवेअरचं टर्पेंटाइन म्हणजे मिनरल टर्पेंटाइन, ब्रश धुवायला चालेल, वास डोकं उठवतो.

प्रत्येक रंग वेगळ्या वेगानं घट्ट होतो. अंबर (मातकट तपकिरी) भराभर, कारण त्यात मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. म्हणून पहिला थर बर्न्ट अंबरचा द्यायची पद्धत आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर काम करता येतं. पांढरा टायटॅनियम घ्या, नुसता झिंक व्हाइट घेऊ नका, तो कालांतरानं ठिसूळ होतो. बारा रंगांच्या सेटमध्ये क्रिमझन लेक किंवा अलिझरिन (गडद लाल) असेल तर पांढऱ्यात मिसळून हलक्या गुलाबीसाठी वापरू नका, उजेडानं उडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कोणीच सांगत नाही. तेलाच्या चिंध्या मुटका करून कोपऱ्यात किंवा डस्टबिनमध्ये टाकायच्या नाहीत. ऑक्सिजन घेताना तेल गरम होतं, मुटक्यात उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. गंमत नाही, खरंच घेते. पाण्यात भिजवून टाका किंवा बाल्कनीत एकेरी पसरून कडक होऊ द्या.

मिरचीपूड
बापरे, हे माहीतच नव्हतं. माझी पोरं लहान आहेत, टर्पेंटाइन मी चुकूनही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवत नाही, पाण्यासारखंच दिसतं ना ते. झाकणाची काचेची बरणी, वर मोठ्ठं लेबल आणि माळ्यावर. आणि वापरलेलं ओतून द्यायचं नाही, बेसिनमध्ये तर नाहीच. रात्रभर ठेवलं की रंग तळाला बसतो, वरचं नितळ परत वापरायचं. खिडकी उघडी ठेवूनच बसायचं. ब्रश आधी चिंधीला पुसा, मग टर्पेंटाइन, मग कपड्याच्या साबणाच्या वडीवर घासा, फेस पांढरा येईपर्यंत, आणि केस बोटांनी जुळवून आडवे ठेवा. बरणीत केसांवर उभा ठेवलेला ब्रश कायमचा वाकडा होतो.

चिंचगुळ
रसायनी, मिरचीपूड, खूप खूप धन्यवाद. चिंध्या आत्ताच बादलीत बुडवल्या, नवरा म्हणाला आता हे काय नवीन!
फ्लेक_व्हाइट, पॅलेटवर नक्की काय काय ठेवू? बाराच्या बारा काढून ठेवते मी, आणि शेवटी सगळा चिखल.

फ्लेक_व्हाइट
चिखल होणारच. पाच ठेवा : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लेमन यलो, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन (निळा). लसणाच्या पाकळीवर गुलाबी जांभळी झाक आहे तिथे कणभर क्रिमझन, रसायनी म्हणाले तसा तो पुढे उडू शकतो हे धरून. काळा नकोच, अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून त्याच्यापेक्षा चांगला गडद मिळतो, अंबर जास्त घेतला तर उबदार, निळा जास्त घेतला तर थंड.

पितळेची सावली तपकिरी समजून लोक नुसता अंबर लावतात. नीट बघा, ती हिरवट असते. ऑकरमध्ये तो अंबर-निळ्याचा गडद घाला, ऑलिव्हसारखा हिरवा येईल, तो पितळेचा खरा रंग. मधल्या भागात ऑकर आणि थोडा लेमन. हायलाइट, म्हणजे सगळ्यात चमकणारी जागा, मात्र पिवळी नाही! तुमची खिडकी डावीकडे आहे, बाहेर आभाळ, म्हणजे हायलाइट पांढऱ्यात किंचित निळसर. रात्री बल्बखाली बसलात तर तीच पिवळसर होईल. म्हणून दिवसा सुरू केलेलं चित्र रात्री ट्यूबलाइटखाली पुढे न्यायचं नाही, दोन उजेडांची खिचडी होते. घरात सतत एकसारखा उजेड देणारी जागा म्हणजे उत्तरेची खिडकी, ऊन थेट येत नाही. ती नसेल तर खोका आडवा करून आतून करडा कागद लावा, सेट त्यात मांडा आणि एकच दिवा एका बाजूनं.

क्रम : आधी अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सबंध बोर्डवर फासा, चिंधीनं पुसून मधला टोन ठेवा. त्यावर अंबरनेच रेखाटन. मग सगळ्यात गडद जागा, मग मधल्या, डोळे बारीक करून, म्हणजे बारीकसारीक दिसेनासं होतं आणि मोठे आकार उरतात. हायलाइट सगळ्यात शेवटी. ब्रशवर भरपूर रंग घ्या, एकदाच ठेवा आणि हात काढून घ्या. दुसऱ्यांदा त्याच जागी ब्रश गेला की खालचा ऑकर मिसळला, चमक गेली.

ब्रश डुकराच्या केसांचे, फ्लॅट किंवा फिल्बर्ट (टोकाला गोलसर), सहा-आठ नंबर. शून्य नंबरचा ब्रश घरातल्या कोणाकडे तरी लपवायला द्या.

कोकणकडा
रत्नागिरीहून. माझा वेगळाच त्रास आहे. पावसात रंग आठवडा आठवडा चिकट राहतो आणि कॅनव्हासला मागून बुरशी. काय करता तुम्ही लोक?

रसायनी
दमट आणि गार हवेत तेल हळू घट्ट होतं, त्याला इलाज नाही, थर पातळ ठेवा आणि अंबर जिथे चालेल तिथे वापरा. पंख्याची हवा खेळती असू द्या पण उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, वरची पापडी आधी धरते. बुरशी बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासला लवकर लागते, भिंतीपासून लांब ठेवा, मागे हवा खेळू दे. पावसाळ्यापुरतं एमडीएफचा तुकडा दोन्ही बाजूंनी आणि कडांना जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) मारून वापरून बघा. जेसोशिवाय कापडावर किंवा कागदावर थेट तैलरंग लावायचा नाही, तेल धागे खाऊन टाकतं.

टोपणनाव_सापडेना
आणि सेटमधली फळं? माझ्या मेव्हणीनं केळी मांडली होती, चित्र पूर्ण होईपर्यंत घरात चिलटंच चिलटं.

मिरचीपूड
केळी आणि पपई नकोच! कांदा, लसूण, नारळ, कवठ, वाळकी भोपळी, चिंचेचे आकडे, हे टिकतं. लिंबू बरेच दिवस राहतं पण आक्रसतं, म्हणून लिंबं आधी रंगवून टाकायची. आळशी लोकांनी सेझान या फ्रेंच चित्रकाराचं नाव सांगावं, तो इतका सावकाश रंगवायचा की फुलं कोमेजायची म्हणून कागदी फुलं मांडायचा.

ट्यूलिपताई
लसणावरून आठवलं, शार्दां या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र आहे, पाण्याचा ग्लास, कॉफीची किटली आणि समोर लसणाचे गड्डे, बस्स, एवढंच. आणि त्याचंच लूव्हरमध्ये एक आहे, १७३४ च्या आसपासचं, विषय काय तर तांब्याचं पाण्याचं पिंप, तोटीवालं. आपल्या बंबाची आठवण येते अगदी. चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढं आहे. ते तांबं बघा ताई, चकचकीत नाहीये, वापरातलं आहे, म्हणून त्याच्यावर हायलाइट मोजक्याच आणि कडा मऊ. तुमचा तांब्या घासायचं बंद करून थोडा काळवंडू दिलात तर कदाचित सोपा जाईल.

फ्लेक_व्हाइट
+१. फार महत्त्वाचं बोललात. शिकणाऱ्यानं आधी मातीचं भांडं, मग काळवंडलेलं तांबं-पितळ, मग लख्ख पितळ. आपण सगळे लख्खपासून सुरू करतो कारण तेच आवडतं.

चिंचगुळ
मंडळी, दुसरा तांब्या झाला. फोटो टाकलाय. गडद लावताना हात थरथरत होता, पण हायलाइट ठेवल्यावर एकदम पितळ! नवऱ्यानं लांबून बोट लावून बघायची ॲक्शन केली. पण आता वेगळाच घोळ आहे, तांब्या चमकतोय पण कलंडल्यासारखा वाटतोय. तोंड नीट दिसतं, खाली बुड बसत नाहीये कापडावर.

फ्लेक_व्हाइट
व्वा, चमक आली! काठावरचा तो छोटा निळसर पांढरा फटका फार सुंदर पडलाय, त्याला हात लावू नका.

आता बुड. तुम्ही वरचं तोंड चांगलं उघडं काढलंय आणि खालची कड जवळजवळ सरळ रेषेत, कारण डोक्याला माहीत आहे की तांब्या सपाट जागेवर ठेवलाय. पण तुम्ही वरून बघताय. डोळ्याच्या पातळीच्या जितकं जवळ तितकं लंबवर्तुळ चपटं, जितकं खाली तितकं गोल. म्हणजे बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळायला हवी. शिवाय डाव्या-उजव्या टोकांना तुम्ही कोपरे केलेत, तिथे कोपरा नसतो, वळण असतं, अगदी छोटं का होईना. मधोमध एक उभी अंबरची रेघ पुसट टाकून दोन्ही बाजू तिच्यापासून सारख्या आहेत का बघा. आरशातही बघा, कलंडलेलं लगेच दिसतं.

आणि बुडाखाली, तांब्या कापडाला टेकतो तिथे, एक बारीक, सगळ्यात गडद फट आहे. ती तुम्ही सावलीत मिसळून टाकली आहे. ती लावा, बाकी सावली बाहेर जाताना फिकी आणि मऊ होऊ द्या. बसेल तो खाली.

रंग अजून ओला असेल तर सुरी घ्या, पॅलेट नाइफ, तेवढा भाग खरवडून परत करा. तैलरंगाचं हेच सुख आहे.

चिंचगुळ
खरवडला! दुसऱ्यांदा केला, बसला खाली. त्या फटीनं केवढा फरक पडतो हो. आता व्हार्निश मारून फ्रेम करायची घाई झालीये सगळ्यांना, दिवाळीच्या आत.

रसायनी
थांबा थांबा. फ्रेम करा, काच नको लगेच. व्हार्निश आत्ता नाही. वरून कोरडं लागलं तरी आत घट्ट व्हायचं चालूच असतं, नेहमीचं डॅमर (झाडाच्या राळेचं) व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबूनच. जाड रंग असेल तर आणखी थांबा. तोवर धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झटकायची.

बाबूराव_नव्हे
ताई, खरंच पितळेचा दिसतोय. मी पण एक फिलिप्स... सॉरी, फिल्बर्ट ब्रश आणलाय. घरात पितळ नाही, स्टीलचा डबा आहे. चालेल का? रंग कुठला लावू?

फ्लेक_व्हाइट
चालेल की. पण पितळ थोडं तरी पिवळं असतं, स्टीलला तेही नाही, जे समोर असेल तेच ते दाखवतं. त्यामुळे डबा पांढऱ्या भिंतीसमोर मांडलात तर नुसता राखाडी होऊन बसेल. खाली लाल किंवा हिरवं, गडद सुती कापड घाला, शेजारी एक कांदा ठेवा, आणि डब्यात कांदा कुठे कुठे दिसतो ते आधी पेन्सिलनं कागदावर काढून इथे टाका. रंगाचं त्यानंतर बोलू.